जुनं नेटबुक, स्कूटर आणि गल्लीतली वायफाय (आणि माझ्यामागे लागलेलं एक नेटवर्क)

माळ्यावरचा खोका

मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आसूसचं जुनं ईई पीसी ७०१ सापडलं. आठवतंय का कोणाला? २००७ च्या शेवटी आलेलं, सात इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, ४ जीबीची डिस्क, वजन किलोच्या आत. भंगारवाला फुकटात न्यायला तयार होता पण जीव होईना. त्यावर ३२ बिटवालं अँटीएक्स लिनक्स टाकलं, ‘किस्मत’ नावाचं आसपासची वायफाय टिपणारं सॉफ्टवेअर टाकलं, ड्रॉवरमधली यूएसबी जीपीएसची डबी जोडली आणि गेले तीन रविवार कोथरूडमधल्या वायफायचा नकाशा करतोय. मयूर कॉलनी, डहाणूकर, कर्वे रोड, नळस्टॉपपर्यंत. नेटबुक सॅकमध्ये, सॅक सौ.च्या मांडीवर, डबी सॅकच्या वरच्या कप्प्यात. कुठेही कनेक्ट होत नाही, पासवर्डच्या वाटेला जात नाही, फक्त नाव, चॅनल, सिग्नल आणि जागा लिहून घेतो. दोन हजारांच्या वर नेटवर्कं झाली.

पहिला रविवार वाया गेला कारण झाकण मिटलं की नेटबुक झोपतं हे विसरलो होतो. दोन तास फिरून घरी आलो तर फाइलमध्ये फक्त आमच्या बिल्डिंगचं पार्किंग.

आता प्रश्न. एक, हे कायद्याच्या दृष्टीने ठीक आहे ना? दोन, या नकाशाचं पुढे करायचं काय? आणि तीन, हा जरा विचित्र आहे. एक नेटवर्क मला सगळीकडे दिसतंय. घराजवळ, पौड फाट्याला, नळस्टॉपला, म्हात्रे पुलावर सुद्धा. नाव इंग्रजीत आहे, मराठीत सांगायचं तर ‘पोलीस व्हॅन ४’. हसू नका.

खवचट खार

हसलो.

नळस्टॉप

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सर्किट पांडू

वा वा, ७०१! माझं पहिलं लिनक्स त्यावरच झालं. त्यातलं अथेरॉसचं वायफाय कार्ड एथ-फाइव्ह-के ड्रायव्हरवर मॉनिटर मोडला, म्हणजे कुठेही न जोडता नुसतं ऐकायला, सरळ जातं, उगाच नाही लोक ते जपून ठेवतात. पण दोन गोष्टी. ते कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतं, म्हणजे ५ गिगाहर्ट्झवरची सगळी नेटवर्कं तुमच्या नकाशात नाहीतच. आणि नवीन किस्मत ५१२ एमबीत गुदमरेल, २०१६ सालची जुनी आवृत्ती टाका, काळ्या स्क्रीनवरची, ती पळते.

अजून एक, गाडी हळू चालवा. किस्मत सेकंदाला पाच चॅनल बदलतं. आपल्याकडे चॅनल १३, म्हणजे एक फेरी अडीच सेकंदांच्या पुढे. ताशी ४० ने गेलात तर तेवढ्यात जवळपास ३० मीटर पुढे गेलेले असता, मधलं छोटं घर निसटतं. १५-२० चा स्पीड बरा.

खवचट खार

कर्वे रोडवर २० च्या वर जाऊन दाखवा, मी स्वतः पेट्रोलचे पैसे देतो.

तात्पुरता आयडी

एक शंका. मोबाइलवर हेच करणारी ॲप फुकट आहेत की. विगलचं (लोकांनी टिपलेल्या वायफायचा जगभरचा नकाशा ठेवणारी साइट) ॲप टाका, खिशात ठेवा, झालं. एवढा सगळा गोतावळा, डबी, सॅक, वहिनींची मांडी कशाला??

सर्किट पांडू

@तात्पुरता आयडी, मोबाइलवर होतं पण अँड्रॉइड ९ पासून स्कॅनवर लगाम घातलाय, ॲपला दोन मिनिटांत चारच स्कॅन. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन तो काढता येतो, पण कितीजण काढतात. शिवाय मोबाइल फक्त जे दिसतं त्याची यादी देतो. किस्मत नुसतं ऐकत बसतं, स्वतः चकार शब्द बोलत नाही. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ असं ओरडत असतो, ते टिपायचं, बास. नाव लपवलेली नेटवर्कं पण त्यात सापडतात, फक्त नावाच्या जागी मोकळं येतं.

आणि खरं सांगू का, मोबाइलमध्ये मजा नाही.

गवती चहा

शेवटच्या वाक्याला +१. आमचे हे पण असंच म्हणतात आणि घरात सतरा डबे वायरींचे.

चौथा कट्टा

मी हे २००८ मध्ये केलंय, मुंबईत, मित्राच्या मारुती ८०० मधून. तेव्हा निम्म्याहून जास्त नेटवर्कं सताड उघडी, नावं राउटरच्या कंपनीची किंवा नुसतं ‘डिफॉल्ट’, आणि कुलूप असलंच तर वेप नावाचं जुनं एन्क्रिप्शन, जे २००१ मध्येच तुटलेलं होतं आणि २००७ नंतर तर काही मिनिटांचं काम. आम्हाला वाटायचं आपण फार भारी काहीतरी करतोय.

मग २६ जुलै २००८ झालं. अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी जी मेल आली ती नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या उघड्या वायफायवरून पाठवलेली निघाली. त्या माणसाचा काही संबंध नव्हता, पण पोलीस पहिले त्याच्याच दारात. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन उघडी नेटवर्कं शोधत फिरायचं जाहीर केलं. म्हणजे आम्ही जे चोरून करत होतो तेच खातं करणार! मित्राच्या वडिलांनी पेपर वाचला आणि गाडीची चावी कपाटात गेली, कायमची.

तेव्हा तुमची व्हॅन ४ खरी असूही शकते हं. (हलके घ्या)

माळ्यावरचा खोका

@चौथा कट्टा, असं नका हो बोलू, सौ. हा धागा वाचते.

@सर्किट पांडू, धन्यवाद, जुनी आवृत्ती टाकतो. बॅटरी मात्र मेलीये, सध्या एका जुन्या यूपीएसच्या बॅटरीवर चालवतोय, ती सॅकमध्ये अडीच किलो.

सर्किट पांडू

अरे देवा, वहिनींच्या मांडीवर अडीच किलो?? ७०१ ला ९.५ व्होल्ट लागतात. टपकीर गल्लीत जा, एक बक कन्व्हर्टर (व्होल्ट कमी करणारं) घ्या, नखाएवढं बोर्ड असतं, त्यावरचा पितळी स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर ९.५ आणा मगच जोडा, आणि स्कूटरच्या १२ व्होल्टवरून द्या. मध्ये फ्यूज टाका. फ्यूज टाका. दोनदा लिहिलंय कारण मी टाकला नव्हता.

म्युनिककर

इकडची गंमत सांगतो. जर्मनीत २०१० च्या एका कोर्टाच्या निकालानंतर असं झालं की तुमच्या उघड्या वायफायवरून कोणी पिक्चर उतरवला तर वकिलाची नोटीस तुम्हाला. त्यामुळे इथे कॅफेतसुद्धा फुकट वायफाय मिळायची मारामार, सगळ्यांनी कुलपं लावली. २०१७ मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे जरा मोकळं झालं. मी २०१२ ला आलो तेव्हा पहिल्या घरात खिडकीशी उभं राहून सोळा नेटवर्कं दिसायची आणि सोळाच्या सोळा बंद. एरंडवण्यातून गेलेल्या माणसाला हे फार लागलं, आमच्याकडे वरच्या काकांचं चालायचं.

आणि गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांचं प्रकरण पण इथूनच फुटलं. हॅम्बुर्गच्या डेटा संरक्षणवाल्यांनी नेमकं काय गोळा करता ते दाखवा म्हणून धोशा लावला, आणि २०१० च्या मे महिन्यात गूगलने कबूल केलं की नाव-पत्त्यासोबत उघड्या नेटवर्कवरच्या मजकुराचे तुकडे पण साठवले गेलेत. म्हणजे बघा, रेषा तिथे आहे. राउटर स्वतःचं नाव ओरडतो ते लिहून घेणं वेगळं आणि आत चाललेलं बोलणं टिपणं वेगळं.

सिग्नलवाली

मी जरा वेगळा सूर लावते, राग मानू नका.

‘फक्त नाव आणि जागा’ हे दिसतं तेवढं साधं नाही. लोक नेटवर्कला आडनाव आणि फ्लॅट नंबर देतात. हा सगळा नकाशा तुम्ही विगलवर चढवलात (चढवणारच, सगळे चढवतात) तर तो जगाला उघडा. आता समजा एखादी बाई नवऱ्याचा त्रास सहन न होऊन घर सोडून गेली, जाताना तिने स्वतःच्या पैशाने घेतलेला राउटर नेला. त्या राउटरचा हार्डवेअर पत्ता (कारखान्यातच मिळालेला नंबर, तो पण यादीत येतो) तोच राहतो. जुन्या घरातला माणूस तो पत्ता शोधेल आणि नवीन गल्ली नकाशावर दिसेल. मी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेसमध्ये स्वयंसेवक म्हणून थोडं काम केलंय, त्यामुळे मला हा छंद ऐकला की पहिलं हेच सुचतं. आम्ही आता सांगतो, घर सोडताना राउटर तिथेच टाकून या, नवीन घ्या.

बेकायदेशीर आहे असं म्हणत नाहीये. फक्त मजा आहे असंही नाही.

गवती चहा

बापरे. हा विचारच केला नव्हता.

तात्पुरता आयडी

अहो ताई मग टेलिफोन डिरेक्टरी पण बंद करायला हवी होती, त्यात तर नाव पत्ता सगळंच. प्रत्येक गोष्टीत वाईट शोधलं तर घराबाहेरच पडायला नको.

सिग्नलवाली

डिरेक्टरीत नाव नको असेल तर काढता यायचं आणि घर बदललं की डिरेक्टरी आपोआप पाठलाग करत नव्हती.

म्युनिककर

सिग्नलवाली यांना अनुमोदन. नाव काढण्याची सोय या वायफायच्या नकाशांतही आहे पण फार थोड्यांना माहीत असते. नेटवर्कच्या नावाच्या अगदी शेवटी अंडरस्कोर आणि ‘नोमॅप’ जोडायचं, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. गूगल ते पाळतं, विगलही पाळतं.

चौथा कट्टा

कायद्याचं विचारलं होतं म्हणून, मी वकील नाही पण: आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ हे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरण्याबद्दल आहे, ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे उघडं दिसलं म्हणून ‘जरा मेल बघून घेतो’ हा मोह नको. नुसतं ऐकून नाव लिहिण्यात शिरणं नाही असं माझं मत. पण लष्करी हद्द, विमानतळ असल्या ठिकाणी सॅकमध्ये अँटेना घेऊन फिरू नका, तिथे कलमं नंतर आणि चौकशी आधी.

माळ्यावरचा खोका

सिग्नलवाली ताई, राग कसला, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री झोप लागली नाही खरं तर. अजून काहीच चढवलेलं नाही, सगळं नेटबुकवरच आहे आणि आता तिथेच राहील. नावं काढून फक्त चॅनल आणि कुलपाचा प्रकार एवढंच ठेवायचं असं ठरवतोय.

तोवर मजेचा भाग. देवनागरीत नाव ठेवलेली तीन नेटवर्कं सापडली! एक आहे ‘नाव शोधू नका’. आणि एक आहे ‘जोश्यांचे व’ आणि पुढे एक चौकोन. जोश्यांचे व... कुणाचे??

खवचट खार

जोश्यांचे व मालकांचे. भाडेकरू असणार.

गवती चहा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

सर्किट पांडू

याचं उत्तर आहे आणि ते फार गोड आहे. नेटवर्कच्या नावाला ३२ बाइटच जागा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळे वेगळे मोजले जातात. ‘जोश्यांचे’ म्हणजे ज, ओ ची मात्रा, श, पाय मोडका, य, काना, अनुस्वार, च, मात्रा. नऊ त्रिक सत्तावीस. मोकळी जागा एक, अठ्ठावीस. ‘व’ चे तीन, एकतीस. राहिला एक बाइट, त्यात ‘वायफाय’ मधल्या पुढच्या कान्याचा एक तृतीयांश बसला आणि राउटरने कात्री चालवली. तो चौकोन म्हणजे अर्धामुर्धा काना आहे.

‘नाव शोधू नका’ मोजा, बरोब्बर ३२ होतात. तो माणूस जाणकार आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

नळस्टॉप

दंडवत. अर्ध्या कान्यासाठी हा धागा वाचनखुणेत टाकला.

सोलापुरी चादर

उपयोग काय विचारलं होतं ना, आमच्या सोसायटीत झालेला सांगतो. पिंपळे सौदागर, चार विंग, सगळ्यांची एकच तक्रार, संध्याकाळी आठ नंतर नेट रडतं. कंपनीचा माणूस येणार, राउटर बंद-चालू करणार, जाणार, दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी मी असाच एक जुना लॅपटॉप घेऊन जिन्याने प्रत्येक मजल्यावर दोन-दोन मिनिटं उभा राहिलो आणि वहीत आकडे काढले. बी विंगमध्ये निम्म्याच्या वर राउटर ६ नंबरच्या चॅनलवर! आणि उरलेल्यात काही शहाण्यांनी ३ आणि ४ धरलेला, म्हणजे १ वाल्यांना पण त्रास आणि ६ वाल्यांना पण. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६, ११.

सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या भांडणानंतर पाच मिनिटं मिळाली. ठरवलं की पहिला, चौथा, सातवा मजला १ वर, दुसरा, पाचवा, आठवा ६ वर, बाकी ११ वर. अर्ध्या लोकांनी केलं, दोन आजोबांकडे मी जाऊन करून दिलं, एकाने सांगितलं ‘माझ्या राउटरला हात लावायचा नाही’. तरी फरक पडला राव. ज्यांना जमलं त्यांना ५ गिगाहर्ट्झवर टाकलं, ती लहर भिंतीत लवकर मरते हे इथे फायद्याचं, शेजाऱ्याचा आवाज येत नाही.

माळ्यावरचा खोका

@सोलापुरी चादर, हे फार आवडलं, हेच करतो. पण माझ्या नकाशात एक घोळ आहे, सगळे राउटर रस्त्याच्या मधोमध उभे दिसतात! आमचा स्वतःचा राउटर चौथ्या मजल्यावर आतल्या खोलीत आहे, नकाशात तो कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवर.

सर्किट पांडू

बरोबरच आहे, तुम्ही रस्त्यावरूनच ऐकलंत ना. जिथे जिथे ऐकू आलं त्या जागांचा सरासरी बिंदू काढतात, जोरात ऐकलं त्याला जास्त वजन. सगळे बिंदू रस्त्यावर असतील तर सरासरी रस्त्यावरच पडणार. बिल्डिंगला चारी बाजूंनी चालत फेरी मारा, सरकेल आत. मजला मात्र कळणार नाही.

आता तुमच्या व्हॅनकडे येऊ, मगाचपासून सगळे टाळतायत. मला दोन गोष्टी सांगा. सिग्नल किती? आणि हार्डवेअर पत्त्याची पहिली दोन अक्षरं कोणती?

माळ्यावरचा खोका

आत्ता बघितलं. बाकी सगळी उणे ६० ते उणे ९० मध्ये वर-खाली होतात (शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल जोरात). ही पूर्णवेळ उणे ४० च्या आसपास, हलतच नाही. पत्ता ‘डीए’ ने सुरू होतो.

अजून एक विचित्र. बुधवारी ऑफिसातून येताना एकटाच फिरलो, तोच रस्ता. तेव्हा नव्हती! फक्त घराजवळ दिसली. रविवारी परत सगळीकडे.

सर्किट पांडू

पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातला नसतो, यंत्राने स्वतः बनवलेला असतो. मोबाइलचे हॉटस्पॉट बरेचदा असे. आणि गाडी चालत असताना उणे ४० कायम म्हणजे ते यंत्र तुमच्यापासून हाताच्या अंतरावर आहे आणि तुमच्याबरोबरच फिरतंय.

रविवारी मागे कोण बसतं हो?

नळस्टॉप

😮

खवचट खार

वहिनी गुप्तहेर आहेत. धागा बंद करा.

माळ्यावरचा खोका

उलगडा झाला. लिहायला लाज वाटतेय पण लिहितो.

भाचा सुट्टीला आमच्याकडे आलाय, नववीत आहे. रात्रभर टॅबवर गेम खेळतो म्हणून मी रोज दहाला घरचा राउटर बंद करतो, स्वतःवर फार खूश होतो. पठ्ठ्याने पहिल्याच आठवड्यात मामीच्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, ते ‘कोणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद’ असं असतं ते पण काढून ठेवलं, आणि नाव दिलं पोलीस व्हॅन ४, म्हणजे मामाच्या यादीत दिसलंच तर मामा घाबरून गप्प बसेल. बसलाच मामा.

सौ. गेले तीन आठवडे मोबाइल कंपनीला फोन करून भांडतेय की रोजचा दीड जीबी सकाळी उठेपर्यंत संपतो कसा. तिकडच्या मुलीला तिने काय काय ऐकवलंय ते मला माहितीये. आज परत फोन केला, सॉरी म्हणायला. बारा मिनिटं होल्डवर ठेवलं.

गवती चहा

नववीतला मुलगा आणि आपोआप बंदचं बटण शोधलं! त्याला ते नेटबुक देऊन टाका.

सिग्नलवाली

हा हा, माझा सगळा गंभीर प्रतिसाद वाया नाही गेला म्हणायचा, स्वतःच्याच घरातला पाळत ठेवणारा सापडला.

तात्पुरता आयडी

व्हॅन ४ म्हणजे १, २, ३ कुठेत? विचारा भाच्याला.

माळ्यावरचा खोका

@तात्पुरता आयडी, विचारलं. ‘१ म्हणलं असतं तर खरं वाटलं नसतं’ असं उत्तर आलं.

आता रविवारी मागे भाचा बसणार, सौ.ने राजीनामा दिलाय. आधी आमच्या बिल्डिंगचे जिने, चादर यांच्यासारखी वही करून. मग सदाशिव पेठ.

चौथा कट्टा

पेठेत गल्ल्या अरुंद, जीपीएस पलीकडच्या वाड्यात दाखवेल. आणि १ ते ४ जाऊ नका, राउटर झोपलेले असतात.

खवचट खार

हा विनोद कधी येतो याची मी सकाळपासून वाट बघत होतो. आला एकदाचा, जेवायला मोकळा.

सोलापुरी चादर

तो ९.५ व्होल्टचा कन्व्हर्टर केवढ्याला पडला शेवटी?

माळ्यावरचा खोका

दीडशे म्हणाला, एकशे वीसला दिला. फ्यूज वीस रुपयांचा वेगळा. टाकलाय.